चंबळच्या वाळूतला झिरा

परत आल्यावर आळीतल्या बायांनी विचारलं, "मंग, काय पाह्यलं वं?"

मी म्हटलं, "नदी."

"अजून?"

"सुसरी."

त्या वाट पाहत बसल्या आणि माझ्या तोंडून पुढे काही निघेना. चार माणसांत बसलं की माझी जीभ टाळूला चिकटते. शेवटी त्या चहा पिऊन गेल्या. पण चौथीपर्यंत शाळा झालेली आहे, लिहिता येतं. जे बोलता आलं नाही ते इथे लिहून ठेवते. तिकडे न गेलेल्यांसाठी लिहिते, आणि थोडं माझ्यासाठीही, कारण अजून मला ते सगळं खरं वाटत नाही.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, चहात दूध फाटतं. नळ आहे, पण उन्हाळ्यात आठ-आठ दिवस त्याला पाणी नसतं. मग आम्ही बाया नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन झिरा खोदतो. वाळू ओलसर दिसेल तिथे बसायचं आणि हातांनी उकरायचं. कोपरभर खोल गेलं की तळाला पाणी पाझरतं. वाळूतून गाळून आलेलं ते पाणी गोड लागतं. वाहतं पाणी दिसलं तरी ते ढोरांचं. माणसांनी प्यायचं ते झिऱ्याचं, असं मी आईकडून शिकले. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते या सवयीने झालं.

माझी सून मयुरी अमरावतीच्या राजापेठेतली. खूप शिकलेली. मुलगा प्रवीण पुण्याला कंपनीत, आणि ही राजस्थानात धोलपूरजवळ चंबळ नदीवर. "सुसरींची राखण करते," असं मी गावात सांगायचे आणि बाया तोंडाला पदर लावायच्या. वैशाखात तिचा फोन आला, बाथरूममध्ये पाय घसरून हात मोडला. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, प्रवीणला सुटी मिळेना. प्रवीण म्हणाला, "आई, तू जाशीन काय?" मी हो म्हटलं आणि मग रात्रभर घाबरून जागी राहिले. पुतण्याने नागपूरला गाडीत बसवून दिलं. गाडीत कोणाशी बोलावं लागू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड करून होते, एवढंच त्या प्रवासाचं सांगण्यासारखं.

धोलपूर

मयुरी स्टेशनावर आली होती. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तशीच वाकून पाया पडली. केस असे बांधलेले, जणू गवताची पेंढी. एका हाताने बांधले होते.

तिची खोली गावाबाहेर होती. मी पोचल्या पोचल्या कुकर लावला. घरच्या सवयीने तुरीची डाळ आधी भिजत घालायला गेले तर ती म्हणाली, "आई, राहू द्या. इथं शिजते तशीच." मी विश्वास ठेवला नाही. तीन शिट्ट्यांत डाळीचं पीठ झालं होतं. मी झाकण हातात घेऊन पाहतच राहिले. पंचवीस वर्षं मी डाळीपुढे बसून घालवली आणि इथे पाण्याच्या एका फरकाने काम होत होतं. थोडं चूक वाटावं इतकं सोपं.

सकाळी तिने कंगवा घेऊन हात वर केला, जमेना. मी कंगवा घेतला. लग्न होऊन दोन वर्षं झाली, पण ती आमच्या घरी राहिली असेल सारे मिळून महिनाभर. तिच्या केसांना मी पहिल्यांदा हात लावत होते. तिला अवघडलं होतं, मलाही. वेणी झाल्यावर तिने हात मागे नेऊन ती चाचपली आणि म्हणाली, "घट्ट झाली." मी विचारलं, "सैल करू काय?" ती म्हणाली, "नाई. बरी वाटून राहिली." मग रोज सकाळी ती आपणहून पाठ करून बसायला लागली.

शेजारीण येऊन माझ्याशी बोलायची. तिची भाषा मला समजायची, पण उत्तर सुचेपर्यंत ती निघून जायची. म्हणून मयुरी जेव्हा म्हणाली, "आता मले नदीवर जाणंच पडते, तुमी खोलीवर राहा," तेव्हा मी एकदम म्हटलं, "मी येतो." तिने साहेबांना फोन करून विचारून घेतलं. हात मोडलाय, सोबत माणूस लागतं, असं सांगितलं.

मी भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदे बांधून घेतले. पिशवीत तळाला एक खण आणि नारळही ठेवला. इतकी मोठी नदी पहिल्यांदा पाहायची तर तिची ओटी भरावी, असं मनात होतं.

नावेत

नदीकडे जाताना जमीन फाटलेली दिसली. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथे पिवळ्या मातीत घर जाईल एवढ्या भेगा होत्या, एकीत एक शिरलेल्या. त्यातून वळणं घेत गेलो आणि अचानक खाली नदी.

रोहिणी लागलेली, दुपारी डोकं फुटावं असं ऊन, आणि नदीला एवढं पाणी. आमच्या पूर्णेत त्या दिवसांत बकऱ्या फिरतात. हे पाणी निळं-हिरवं होतं आणि तळाचे दगड दिसत होते. मी घाट शोधला. घाट नव्हता. देऊळ नव्हतं, पणत्या नव्हत्या, निर्माल्य नव्हतं, कपडे धुणारी एक बाई नव्हती. अशी उघडी नदी मी कधी पाहिली नव्हती. विधवेच्या कपाळासारखी वाटली, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटली.

नाव चालवणारा रामसेवक, पन्नाशीचा. मला अम्मा म्हणायचा, जरी मी त्याच्याहून लहान असेन. मी मयुरीच्या कानात विचारलं, ओटी कुठे भरू. तिने त्याला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "पूजते नहीं अम्मा. श्रापी नदी है. हमारे यहाँ ब्याह में भी इसका पानी नहीं लेते."

"कोणाचा शाप?"

"द्रौपदी का बताते हैं. अब वो तो गई, हम भुगत रहे हैं."

मयुरी म्हणाली, "आणि आई, पाण्यात काही टाकता येत नाई इथं. नारळ पण नाई." मी पिशवी पायाशी सरकवली. नदीला भेटायला जावं आणि तिने दार उघडू नये, तसं झालं.

पण नाव थोडी पुढे गेली आणि मी नारळ विसरले. दगडांवर कासवं एकावर एक चढून बसली होती, एसटीत शिरल्यासारखी. नाव जवळ येताच सगळी पाण्यात. मग मधेच पाणी फुगलं आणि एक लांब चोचीचं करडं जनावर श्वास सोडून खाली गेलं. मयुरी म्हणाली, डॉल्फिन, आंधळं असतं. नारिंगी चोचीचे काळे-पांढरे पक्षी पाणी कापत उडत होते. त्यांना पाणचिरा म्हणतात. त्यांची अंडी तापलेल्या वाळूवर उघडी असतात. पक्षीण पाण्यात पोट बुडवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, अंडी थंड करायला. आम्ही लेकरांना ऊब देतो एवढंच मला ठाऊक होतं. थंडावा देऊनही वाढवावं लागतं, हे नवीन होतं.

आणि मग सुसर. मी लाकूड समजले. लाकडाने तोंड उघडलं. तोंड सांडशीसारखं लांब, दात बाहेर. नर होता, नाकावर मडकं उपडं घातल्यासारखी गाठ. नावेच्या दीडपट तरी असेल. मी मयुरीच्या चांगल्या हाताला धरलं.

"माणसाले खात नाई आई. मासे खाते."

"तिले माहीत हाये काय ते?"

रामसेवकला मराठी येत नाही, पण हे त्याला कळलं आणि तो हसून वल्ह्यावर वाकला.

नावेत बसल्या बसल्या मयुरी सांगत होती. मार्चअखेरीस माद्या वाळूत खोल अंडी घालतात. ती ज्या काठावर लक्ष ठेवते, तिथली बहुतेक अंडी कोल्ह्यांनी उकरून खाल्ली. एक जागा रेती भरणाऱ्या ट्रॅक्टरखाली गेली. आता तिथे एकच घरटं राहिलं होतं. होळी झाल्यापासून ती या काठावर होती आणि आता कधीही पिलं निघणार होती. "हे गेलं तर या काठावर यंदा काईच नाई उरत," ती म्हणाली.

रामसेवक मधेच म्हणाला, "दीदी तो ट्रैक्टर के पीछे भागी थी. तभी तो हाथ टूटा."

मयुरी पाण्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "बाथरूममध्ये पडली म्हने ना?"

"प्रवीणले सांगू नका आई. तो मले इथं राहू देणार नाई."

रेतीवाले कसे असतात ते आम्हाला आमच्या नदीवरून माहीत आहे. त्यांच्यामागे ही पोरगी एकटी धावली होती, अंड्यांसाठी.

तेवढ्यात प्रवीणचा फोन आला, माझ्याच मोबाइलवर. कशी आहे ती, काय चाललंय. मयुरी माझ्याकडे पाहत होती. आयुष्यात मी प्रवीणशी खोटं बोलले नव्हते. मी म्हटलं, "बरी हाये. इथल्या बाथरूमची फरशीच खराब हाये रे बाप्पा. मी पण पडता पडता वाचली."

मयुरीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय, ते मी विचारलं नाही.

वाळूवर

दुपारी नाव एका मोठ्या वाळूच्या काठाला लागली. मयुरी आणि रामसेवक कोल्ह्याच्या पावलांचे ठसे पाहायला पुढे गेले. मला म्हणाली, "आई, इथंच सावलीले बसा." सावली म्हणजे काठाच्या कडेने आलेली हातभर पट्टी. घरटं या काठावर आहे हे मला माहीत होतं, पण एवढ्या जनावराचं घरटं म्हणजे काट्याकुट्यांचा ढीग असेल, दिसेलच, असं मी धरून होते. तिथे खूण कशाचीच नव्हती. खूण केली की अंडी चोरणारे येतात, म्हणून ती जागा ध्यानात ठेवते, हे नंतर कळलं.

कॅनमधलं पाणी चहासारखं गरम झालं होतं. मयुरी उन्हात गेलेली, परत आल्यावर पाणी मागेल. नदी समोरच होती, पण तिच्यात काय काय पोहतं ते मी नुकतंच पाहिलं होतं, आणि काठाशी जायची छाती होईना. मग वर चढावावर वाळूचा एक पट्टा जरा गडद दिसला. थोडा बसल्यासारखा. आमच्याकडे अशी जागा दिसली की बाई घागर खाली ठेवते.

मी बसले आणि खोदायला लागले.

वरची वाळू भाजत होती, खालची गार लागली. मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी मला येणारं काम मी करत होते. कोपरापर्यंत हात गेला. आता पाणी लागेल म्हणून मी थांबले, आणि खालून आवाज आला.

पाण्याचा नव्हे. "च्यंक." मग थांबून दोन-तीन. मग पुष्कळ. माझ्या हाताच्या खाली, जमिनीच्या आत, कोणीतरी बोलत होतं. मी हात काढायला हवा होता. पण हात माझा राहिला नव्हता. बोटांच्या टोकाला काहीतरी गुळगुळीत लागलं आणि ते आतून हललं.

"हात काढा."

मयुरी धावत येत होती. प्लास्टर छातीशी धरलेलं. "आई, हात काढा. हात काढा म्हणते ना."

मी हात काढला. ती खड्ड्याशी गुडघ्यावर बसली, आत पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमाले एका जागी बसता नाई आलं? होळीपासून मी जीव टांगून बसली इथं. कोल्ह्यानं नाई उकरलं, रेतीवाल्यानं नाई उकरलं, अन् तुमी उकरलं? कावून?"

मी म्हटलं, "पाणी. तुह्यासाठी."

आमच्या घरात कोणत्याही सुनेने सासूला असं विचारलेलं नाही. माझ्या सासूपुढे मी मान वर केली नव्हती. राग यायला हवा होता, पण आला नाही. खालून ते अजून बोलत होते आणि मला फक्त तेच ऐकू येत होतं.

रामसेवक हळूच म्हणाला, "दीदी. पीछे."

पाण्यातून सुसर वर येत होती. मादी, नाकावर मडकं नसलेली. अर्धी वाळूवर, अर्धी पाण्यात, आमच्याकडे तोंड करून. आणि ती थांबली. आमच्यात अंगणाएवढं अंतर होतं. ती भांडायला आली नव्हती, हे मला का कोण जाणे लगेच कळलं. तिलाही तो आवाज ऐकू आला होता.

"हे उघडं राह्यलं तर उन्हानं भाजून मरतील," मयुरी म्हणाली. तिने एका हाताने वाळू ओढली, ती घसरून परत खाली आली. एका हाताचं ते काम नव्हतं.

मी वाकले.

"खालची गार वाळू आधी. दाबू नका. अंडं फिरू देऊ नका."

मी ओंजळीने वाळू सोडत गेले, बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात तशी. समोर ती आई बघत होती. डोळा पिवळा, मधे उभी रेघ. आवाज बारीक होत गेला आणि बंद झाला. मग आम्ही पाठ न दाखवता नावेपर्यंत मागे सरकलो.

पलीकडच्या काठाला जाऊन थांबलो. मादी तशीच होती. मग पाण्यात गेली. मयुरी दुर्बिणीतून बघत होती. मी विचारलं, "आता?"

"पिल्लं आतून आवाज देतात तवा आई येऊन वाळू उकरते. त्याईले स्वतःहून निघता येत नाई. आता माणसाचा वास लागला. आली तर आली. नाई आली तर आतल्या आत मरतील. नाईतर कोल्हा हायेच."

दिवस मावळेपर्यंत ती आली नाही. भाकरी कोणी खाल्ली नाही, फक्त रामसेवकने थोडी घेतली आणि ठेच्याने डोळ्यात पाणी आलं तरी ती संपवली. अंधारात त्या पाण्यात थांबता येत नाही. आम्ही परतलो.

खोलीवर मयुरी न जेवता भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या सकाळी

मी कंगवा घेऊन उभी राहिले, पण ती केस बांधूनच बाहेर आली होती. पुन्हा तीच गवताची पेंढी. मी कंगवा पिशवीत ठेवला. "तुमी नाई आल्या तरी चालेल," ती म्हणाली. मी चपला घातल्या.

उजाडताना काठाला लागलो. लांबूनच दिसलं. जागा उकरलेली होती. मोठा खड्डा, आणि भोवती पांढरी टरफलं पसरलेली. त्यांच्यामधून कोल्ह्याच्या पावलांची रांग स्पष्ट गेलेली होती. मी नावेच्या फळीवर बसून राहिले. माझे हात मांडीवर होते आणि ते मला बघवेनात.

मयुरी उतरली. खड्ड्याभोवती फिरली, टरफल उचललं, पुन्हा ठेवलं. रामसेवकने वल्हं खाली ठेवलं. मग ती खड्ड्यापासून पाण्याकडे चालत गेली, खाली बघत. वाळूत पोट घासत गेल्याची रुंद रेघ होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक ओरखडे, कोणी काडीने रांगोळी काढल्यासारखे.

"कोल्हा नंतर आला," ती म्हणाली. "ठसे वरून हायेत. त्याले टरफलं भेटली."

"मंग ते?"

तिने नदीकडे हात केला.

आधी मला तो कालचा नरच दिसला, नाकावर मडकं असलेला. संथ पाण्यात पाठ वर करून होता. पाठीवर शेवाळ असावं असं वाटलं. मग शेवाळ हललं. हाताच्या बोटाएवढ्या तोंडांची पिलं त्याच्या पाठीवर, मानेवर, डोक्यावर गच्च बसली होती. एक घसरलं, पोहून आलं आणि दुसऱ्याच्या अंगावर पाय देऊन परत चढलं. बाप हलला नाही. बाजूला मादी होती, तीही तशीच स्थिर.

मी कितीतरी वेळ तोंडावर हात ठेवून होते. आमच्याकडे बाप लेकराला खांद्यावर घेतो तो जत्रेत, तेही कोणी पाहत असलं तर. या भयंकर जनावराला कोणी सांगितलं होतं.

मयुरी नावेत आली आणि माझ्यासमोर फळीवर बसली. तिचा चेहरा ओला होता. नाक ओढून म्हणाली, "तुमच्या हातची वाळू सैल होती. दाबली असती तर तिले जड गेलं असतं."

मी म्हटलं, "तूच सांगतलं, दाबू नका."

"ऐकलं पण ना तुमी."

मग ती वळली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी पिशवीतून कंगवा काढला. रामसेवकने नाव सोडली. मी नदीत वेणी घातली, घट्ट.

खण आणि नारळ पिशवीत होतेच. खोलीवर गेल्यावर त्यांनी मी मयुरीची ओटी भरली.

घरी

प्लास्टर निघालं तसं मी परतले. प्रवीणने विचारलं, "ती काही दिवस घरी येते काय?" मी सांगितलं, "तिथं बाथरूम दुरुस्त केलं त्याईनं. राहू दे."

इकडे अजून पाऊस नाही, नळाला पाणी नाही. परवा आळीतल्या बायांसोबत पूर्णेत गेले. वाळू ओलसर दिसली तिथे बसले, आणि हात पुढे होईना. मी वाकून वाळूला कान लावला.

"काय ऐकून राहिली वं?" शेजारची म्हणाली.

"काई नाई."

खाली काहीच नव्हतं. मी खोदायला लागले.